दोन नावं, एक बाई

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात तीन जणांना मी स्पेनची वाटले. त्यातले दोघे दुकानदार होते, त्यांचं सोडून देऊ. तिसरे आमच्या शेजारचे आजोबा. एका दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी मोठ्या उत्साहाने एक वाक्य टाकलं. मला ओ की ठो कळलं नाही. मी "सॉरी?" म्हटल्यावर त्यांनी तेच वाक्य आणखी सावकाश म्हणून दाखवलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तू स्पेनची नाहीस?"

"नाही. इंडियाची. पुण्याची."

पुण्याचं सांगायची काही गरज नव्हती, पण आम्हाला राहवत नाही.

आजोबांची आई स्पेनची होती. तिच्याकडून शिकलेली चार वाक्यं त्यांना येत होती, आणि ऐंशीच्या घरात आले तरी ती वापरायला त्यांना माणूस मिळालेलं नव्हतं. काळे केस बघून त्यांनी माझ्यावर आशा ठेवली आणि मी निघाले पुण्याची. त्यांचा तो चेहरा बघून मला इतकं अपराधी वाटलं, की मी विचारून बसले, "मी काही मदत करू का?" कशात मदत, ते मलाही माहीत नव्हतं. ही २००२ सालची गोष्ट. पुढची अडीच वर्षं त्या एका प्रश्नाने खाल्ली.

मी तिथल्या एका औषधाच्या कारखान्यात कागद तपासायचं काम करत होते. औषधाच्या प्रत्येक घाण्यामागे एक जाडजूड फाइल असते. कामगाराने काय ओतलं, किती ओतलं, किती वाजता ओतलं, सगळं त्यात लिहायचं, आणि ते बरोबर लिहिलंय की नाही हे पट्टी धरून ओळीओळीने बघायचं, हे माझं काम. त्याचे नियम कडक. खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई लावणं तर पापच. चुकलं तर चुकीवर एकच आडवी रेघ, आणि तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते, मग आद्याक्षरं, तारीख आणि चुकीचं कारण. सगळ्यांवर एक मोठा नियम: जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही. हे सगळं मला इतकं अंगवळणी पडलं होतं, की मी घरातही त्यावर प्रवचन द्यायचे. नवरा विचारायचा, "दूध उतू गेलंय. कुठल्या फॉर्मवर लिहू?"

तेच प्रवचन मी आजोबांनाही दिलं. ते खूश झाले. "ग्रँड," म्हणाले. "मला कागद वाचणारंच माणूस हवं होतं. ये चहाला."

आजोबांनी आयुष्यभर बस चालवली होती. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला, तिथल्या भाषेत 'प्रेस'ला, अजूनही आईच्या वेळचा हिरवा रंग होता. चहा ओतता ओतता त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचे वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते. उत्तर स्पेनमधल्या एका लहानशा बंदरातून ते बायको घेऊन आले. आजोबा अकरा वर्षांचे असताना ती छातीच्या दुखण्याने गेली. जाण्याआधी तिने त्यांना जवळ बोलावून सांगितलं, "तुला मुलगी झाली तर तिला आईचं नाव दे." त्यांनी मान हलवली आणि पुढे मुलगी झाल्यावर शब्द पाळला. मुलीला आपल्या आईचं नाव दिलं.

"मग एक दिवस बस चालवताना डोक्यात आलं," आजोबा म्हणाले. "आई 'माझं नाव दे' असं नाही म्हणाली. 'आईचं नाव' म्हणाली. ती तिच्या आईचं म्हणत असेल तर?"

आणि ते नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. आई माहेरचा विषयच काढायची नाही. फक्त एकदा हसून म्हणाली होती, "मला दोन आया होत्या. देव माझ्या बाबतीत उदार." आजोबांनी दुसरी आई म्हणजे येशूची आई धरली होती. मीही तसंच धरलं, आणि ते वाक्य वहीत टिपूनसुद्धा घेतलं नाही.

तर आजोबांना त्यांच्या आजीचं नाव हवं होतं. मुलगी नर्स होती, चाळिशीला आलेली, तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ते नाव द्यायला पुढे कोणी नव्हतंच. पण निदान आपण आईचं ऐकलं की नाही ऐकलं, एवढं तरी मरायच्या आधी कळावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्यात काय, दोन महिन्यांत शोधून देते.

हाताशी होतं ते इतकंच: त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा चर्चमधला दाखला आणि एका फोटोच्या मागे लिहिलेलं गावाचं नाव. दाखल्यावर आईचं नाव तीन शब्दांचं होतं. मी ताबडतोब तक्ता आखला. तीन शब्द, तीन रकाने: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेपासून मी जितके फॉर्म भरले, ते सगळे असेच भरले होते. तिसऱ्या शब्दाचं घराणं आणि मधल्या शब्दाचा बाप शोधायला घेतला. ग्रंथालयातून स्पॅनिश शब्दकोश आणला आणि त्या गावच्या पाद्रीबाबांना पत्र लिहिलं. त्या पत्रात क्रियापदं किती होती देव जाणे, पण 'कृपया' बारा वेळा होतं.

पाद्रीबाबांचं उत्तर आलं. असा माणूस गावात नाही. मी आणखी दोन पत्रं पाठवली. मी कागदपत्रांतली जाणकार, त्यामुळे चूक त्यांचीच असणार, त्यांनी नीट बघितलं नसणार. तिसऱ्या पत्राला त्यांनी पाठपोट दोन पानं उत्तर लिहिलं, लहान मुलाला समजावावं तसं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. बाई लग्न झालं तरी दोन्हीपैकी एकही सोडत नाही. म्हणजे मी ज्याला बाप समजून सात महिने शोधत होते, ते आडनाव होतं. 'तुम्ही ज्या गृहस्थांची चौकशी करता,' पाद्रीबाबांनी लिहिलं होतं, 'ते आमच्याच काय, कोणत्याही गावात नसतील.'

नवऱ्याने ते वाक्य आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

यातून मी काही शिकले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण मी शिकले ते भलतंच. आता आपल्याला स्पॅनिश नावांतलं सगळं कळलं, असा माझा समज झाला.

तरी पुढचं काम भराभर झालं. आईचं दुसरं आडनाव म्हणजे आजीचं आडनाव, ते तर हातातच होतं. आता फक्त नाव हवं होतं. ते सरळ सांगेल अशी नोंद एकच, आईच्या बाप्तिस्म्याची, पण त्या वर्षांची वही यादवी युद्धात जळाली होती. पाद्रीबाबांनी दुसरे दोन कागद मिळवून पाठवले. एक आजोबांच्या आजीच्या लग्नाची नोंद. दुसरा, लग्नानंतर सात वर्षांनी नगरपालिकेने केलेली घरोघरची यादी. त्यात नवरा, बायको आणि पाच वर्षांची मुलगी.

नवरा तोच. मुलगी तीच, आजोबांची आई. बायकोची दोन्ही आडनावं तीच, अक्षरन् अक्षर. नाव मात्र वेगळं. ती नावं मी इथे लिहीत नाही, ती त्या घरची आहेत. अर्थ सांगते, तेवढ्यावर भागवा. लग्नाच्या नोंदीत नवरीच्या नावाचा अर्थ होता 'आशा'. यादीतल्या बायकोच्या नावाचा अर्थ होता 'पहाट'.

दुसरं कोणी इथे थांबलं असतं. मी अर्धा कप चहा संपेपर्यंतसुद्धा थांबले नाही, कारण या बाबतीत माझ्याकडे स्टँपपेपर होता.

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, उगाच गळा काढणार नाही. माझं आधीचं नाव वडिलांच्या आजीचं होतं आणि मला ते जुनाट वाटायचं. नवीन नाव आम्ही दोघांनी मिळून एका हॉटेलात बसून, यादीतून, हौसेने निवडलं होतं. भानगड झाली ती आयर्लंडला येताना. पदवी होती एका बाईची आणि पासपोर्ट दुसरीचा. मग नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात जाहिरात दिली: अमुक आणि तमुक ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. कारखान्यात भरतीचं काम बघणाऱ्या बाईंनी ते चार वेळा वाचलं आणि विचारलं, "मग ही पहिली कुठे आहे?" मी त्यांना अभिमानाने सांगितलं, "मीच."

तेव्हा स्पेनमधला घोळ मला काचेसारखा स्वच्छ दिसला. आडनाव बदलत नाहीत, हे पाद्रीबाबांनी सांगितलंच होतं. पण लग्न झालं म्हणजे बाईचं काहीतरी बदलायला हवंच. आडनाव नाही तर नाव. आशाची पहाट झाली. दोन नावं, एक बाई.

आता वयाचं. लग्नाच्या नोंदीत नवरीचं वय बावीस होतं. सात वर्षांनंतरच्या यादीत बायको चोवीस वर्षांची. कारखान्यात दोन अंशांचा फरक दिसला तरी मी अख्खा घाणा अडवून ठेवायचे. इथे पाच वर्षं गळाली होती, आणि मी समासात लिहिलं: 'बायका वय चोरतात.'

त्याच सुमारास दोन गोष्टी झाल्या. आजोबांच्या मुलीला दिवस गेले, आणि तिला सातवा महिना लागला तेव्हा माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी अमरावतीहून आल्या.

पहिल्या गोष्टीने आजोबा पार बदलून गेले. आता नाव द्यायला कोणीतरी येणार होतं. डॉक्टरांनी मुलगी असल्याचं सांगितल्यावर त्या घरात फक्त माझीच वाट पाहिली जात होती. "सापडलं का?" ते रोज कुंपणावरून विचारायचे. आईला दिलेला शब्द पाळायची ही त्यांची शेवटची संधी होती, आणि तो शब्द आता माझ्या तक्त्यात अडकला होता.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि समोर मी तो तक्ता पसरला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी सगळं मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लग्नात बावीस, अन् सात वर्सानं चोवीस? अवं, हे दोन बाया व्हय. मोठी मेली असन, मंग धाकलीले त्याच घरात देल्ली असन. लेकराले सांभायाले कोनी पाह्यजे ना."

"अहो आई, ते स्पेन आहे."

"मंग? तेथं बाया मरत नाहीत काय?"

मी हसले. चक्क हसले. पदव्युत्तर शिक्षण, परदेशातली नोकरी, हाताशी शब्दकोश, आणि या मला सांगतायत. मनात म्हटलं, यांना सगळीकडे अमरावतीच दिसते. मला सगळीकडे माझं स्वतःचं लग्न दिसत होतं, हे लक्षात यायला अजून तीन महिने होते.

आजोबांना मी समारंभपूर्वक निकाल सांगितला. तक्ता मोठ्या कागदावर काळ्या शाईने पुन्हा काढला, वर दस्तऐवज क्रमांक घातला, खाली 'तपासले' असं लिहून सही केली. आजीच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत 'पहाट', खाली बारीक अक्षरांत 'माहेरचं नाव: आशा'. आजोबांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "यातलं कुठलं द्यायचं?"

"लग्नानंतरचं," मी म्हटलं. "पहिलं नंतर कोणी धरत नाही."

त्यांनी तो कागद फ्रेम करून त्या हिरव्या प्रेसशेजारी लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला दाखवून म्हणायचे, "हिने शोधलं." आणि मी कसंनुसं हसायचे. खरं म्हणजे मला ते फार आवडायचं.

माझी खोड नडली, की माझी खोड कामाला आली, ते अजून ठरवता येत नाही. फाइल पूर्ण करायची म्हणून मी पाद्रीबाबांना शेवटचं पत्र टाकलं. आशाचं नाव बदलून पहाट झाल्याचा दाखला, राजपत्रातली जाहिरात किंवा दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, यांपैकी जे असेल त्याची प्रत कृपया, कृपया पाठवावी. जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही, आणि माझ्या फाइलमध्ये तेवढा एक कागद कमी होता.

बाळ जन्माला आलं. सासूबाई अमरावतीला परत गेल्या. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला, मेणबत्तीवर नाव घालून झालं, केकवाल्याकडे नाव लिहून दिलं. त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी मी कामावरून आले तर दाराच्या आत पाद्रीबाबांचं पत्र पडलेलं होतं.

'बाई,' त्यांनी लिहिलं होतं, 'तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आमच्याकडे लग्नात कोणाचं नाव बदलत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळतं तेच नाव दफनाच्या वहीत जातं. दफनाची वही जळालेली नाही. तुम्ही ती कधी मागितली नव्हती, म्हणून मी पाहिली नव्हती. ज्यांचा दाखला तुम्ही मागता त्या दोघी बहिणी आहेत. थोरली मुलीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी वारली. पुढच्या वर्षी नवऱ्याने तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. मेहुणीशी लग्न करायला बिशपांची परवानगी काढावी लागली, तिची प्रत सोबत जोडली आहे.'

मी शब्दकोश न उघडताच सगळं समजले. इतकं स्पॅनिश मला त्या दिवसापूर्वीही कधी आलं नाही आणि नंतरही नाही.

दफनाची वही मी मागितली नव्हती, कारण माझ्या हिशेबाने ती बाई मेलीच नव्हती. नाव बदलून सुखाने संसार करत होती. बावीस-चोवीस वर्षांची पोरगी अकरा दिवसांचं मूल टाकून गेली, आणि मी तिला बारीक अक्षरांत माहेरचं नाव करून टाकलं. मला माझी शरम वाटली. नुसती चूक झाल्याची नाही, चुकताना मिळालेल्या त्या सगळ्या मानाची.

नवरा पत्र ऐकून म्हणाला, "सांगायलाच पाहिजे का? एवीतेवी नाव छान आहे." मी त्याच्यावर चिडले, कारण माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. अर्धा तास मी वॉशिंग मशीनमधले कपडे काढून पुन्हा आत टाकत बसले. मग पत्र घेऊन शेजारी गेले.

आजोबा प्रेसमधून कप काढत होते. मी म्हटलं, कप राहू द्या, आधी बसा. आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना मध्ये एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या त्या फ्रेमकडे बघत होते. खाली माझी सही होती, 'तपासले'.

त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दोन आया."

"हो."

"ती खरंच सांगत होती. आणि मी समजत होतो, ती येशूच्या आईबद्दल बोलतेय." त्यांनी डोळे पुसले. "अकरा दिवस. माझ्या आईला तिचा चेहरासुद्धा आठवत नसेल."

मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते, मेणबत्तीचं काय, केकचं काय, असं काहीतरी बरळत होते. त्यांनी हाताने थांबवलं. "जिने वाढवलं तिला माझ्या आईने आई म्हणून हाक तरी मारली. पहिलीला तेवढंही मिळालं नाही. पहिलीचं नाव द्यायचं." लगेच त्यांनी मुलीला फोन लावला. तिकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण शेवटी "ग्रँड, ग्रँड" झालं. मेणबत्ती नवी घ्यायची ठरली. केकला फार उशीर झाला होता, त्यामुळे केकवर पहाटच राहिली. तेवढी धाकटीचीही सोय झाली.

मग ते माझ्याकडे वळले. त्यांना कळतच नव्हतं, की नाव बदलतं असं मला वाटलं तरी कसं. मी तांदळाचं सांगितलं, अंगठीचं सांगितलं, स्टँपपेपरचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग आधी तुला काय म्हणायचे?"

मी सांगितलं. सांगताना मध्येच अडखळले, दुसऱ्या कोणाचं नाव चुकीचं सांगतोय की काय असं वाटून. आई त्या नावाने हाक मारायची, शेवटपर्यंत, फोनवरसुद्धा. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील आधीच गेले होते. भाऊ ताई म्हणतो. म्हणजे त्या नावाने मला हाक मारणारं जगात कोणी उरलं नव्हतं, आणि दोन वर्षांत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्या आवडीचं नसलेलं ते जुनाट नाव आठवून मला त्या परक्या स्वयंपाकघरात रडू आलं. आजोबांनी तीनदा ते म्हणायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जवळपास जमलं.

"ये," म्हणाले. "आता हे नीट कर. तुझ्याच नियमाने." त्यांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे सुरीने वाकवून कागद बाहेर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मी 'माहेरचं नाव' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी नवी चौकट काढून 'आशा' मोठ्या अक्षरांत लिहिलं. पहाट तिच्या शेजारी, धाकटी बहीण. कारण लिहिलं: 'तपासणाऱ्याची चूक.' आद्याक्षरं घालताना पेन जरा थांबलं. मग सवयीने आत्ताचीच घातली आणि तारीख टाकली.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आईला फोन करून सांगायचं का?" मी म्हटलं, नको. पुढच्याच आठवड्यात त्याने सांगितलंच. सासूबाई एवढंच म्हणाल्या म्हणे, "बरं झालं, सापडली बिचारी." 'म्या सांगतलं व्हतं' म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी चर्चमध्ये गारठा होता. डोक्यावर पाणी पडल्यावर बाळाने जो सूर लावला, त्यात पाद्र्यांचा आवाज बुडाला, पण नाव तेवढं स्पष्ट ऐकू आलं. आजोबांनी पहिल्या बाकावरून मागे बघून मला मान हलवली. मी शेवटच्या बाकावर बसले होते. पुढे बसायचं धाडस झालं नव्हतं.

नंतर सगळे बाहेर पायऱ्यांवर फोटोसाठी जमले. आपण घरच्यांतले नाही, म्हणून मी बाजूला, फाटकापाशी नवऱ्याची वाट बघत उभी होते. तो गाडी आणायला गेला होता. तेवढ्यात वरच्या पायरीवरून, बाळाला छातीशी धरून, आजोबांनी कोणाला तरी मोठ्याने हाक मारली. उच्चार चुकला होता, पण नाव ओळखीचं वाटलं. कोणाला बोलावतायत ते बघायला मी मागे वळले. मागे कोणीच नव्हतं.